कोणते जॉन्सन? एकाच आडनावाचे अमेरिकन राजकारणी नेमके ओळखण्याची रीत

२०१४ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते माइक रॉजर्स. त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, म्हणजे एनएसएचे, संचालक झाले अ‍ॅडमिरल माइक रॉजर्स. शिवाय त्याच सभागृहात, त्याच रिपब्लिकन पक्षाच्या बाकांवर, अलाबामाचे आणखी एक माइक रॉजर्स बसत होते. अशा वेळी ‘रॉजर्स म्हणाले’ असं लिहून वाचकाला काहीच कळत नाही.

वर्तमानपत्राच्या परदेश-पानावर नव्याने बसलेले, अनुवाद करणारे, मराठी विकिपीडियावर लिहिणारे आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी ही रीत लिहिली आहे. सुरुवातीलाच एक पक्कं करून ठेवा: आडनाव आणि पक्ष एवढ्यावर माणूस ओळखता येत नाही. पूर्ण नाव, पद, राज्य आणि वर्ष ही चारही जुळली पाहिजेत. तीन जुळली आणि चौथं राहिलं, तर चूक नेमकी तिथेच होते.

जवळ काय ठेवायचं

- बायोगाइड, म्हणजे काँग्रेसच्या (प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेच्या) आजी-माजी सदस्यांची अधिकृत चरित्रसूची. प्रत्येक सदस्याला आडनावाचं पहिलं अक्षर आणि सहा आकडे असा कायमचा क्रमांक असतो. सभापती माइक जॉन्सन यांचा क्रमांक जे०००२९९. पद, राज्य, सभागृह काहीही बदललं तरी हा बदलत नाही.
- प्रतिनिधिगृहाच्या क्लार्कच्या कार्यालयाचं संकेतस्थळ आणि सिनेटचं स्वतःचं संकेतस्थळ. मतदानाच्या नोंदी, ज्यांना रोल कॉल म्हणतात, त्या इथे मिळतात.
- विधेयकं आणि ती मांडणारे सदस्य शोधण्यासाठी काँग्रेस डॉट गव्ह.
- न निवडून आलेल्या उमेदवारांसाठी फेडरल इलेक्शन कमिशनची (एफईसी) नोंद.
- राज्यांच्या दोन-अक्षरी खुणांचा छापील तक्ता. तो समोर भिंतीवरच लावा.
- स्वतःची एक तक्तावही. रकाने असे: पूर्ण नाव, रूढ नाव, पद, राज्य, मतदारसंघ, पक्ष, कधीपासून कधीपर्यंत, बायोगाइड क्रमांक, मराठीत लिहायचं नाव, स्त्री की पुरुष. शेवटचे दोन रकाने इंग्रजी याद्यांत मिळत नाहीत आणि आपल्याला रोज लागतात.

विकिपीडियाचं निःसंदिग्धीकरण पान सुरुवातीला उपयोगी पडतं, कारण एकाच नावाची किती माणसं आहेत ते एका नजरेत दिसतं. अखेरचा पुरावा म्हणून मात्र ते वापरू नका.

## १. आधी पद वाचा, मग आडनाव

‘सिनेटर’ हा शब्द दिसला की वॉशिंग्टन असं समजू नका. नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाला दोन सभागृहं आहेत आणि त्यांतल्या वरच्या सभागृहाच्या सदस्यालाही सिनेटरच म्हणतात. नेब्रास्कात सभागृह एकच, पण तिथल्या सदस्यांनाही सिनेटर हीच पदवी. बातमीच्या पहिल्या दोन परिच्छेदांत राज्याच्या राजधानीचं नाव असेल, तर बहुधा तो राज्याचा सिनेटर असतो. हीच गोष्ट ‘स्पीकर’ची. राज्यांच्या सभागृहांनाही स्पीकर असतात.

नावापुढच्या कंसात आधी पक्षाचं अक्षर आणि मग राज्याची खूण येते. ‘आर’ म्हणजे रिपब्लिकन, ‘डी’ म्हणजे डेमोक्रॅट. नावाआधीचं ‘रेप.’ हे मात्र प्रतिनिधीचं संक्षिप्त रूप आहे, त्याचा पक्षाशी संबंध नाही. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात.

राज्यांच्या खुणांमध्ये ‘एम’ने सुरू होणाऱ्या सगळ्यांत घातक: एमआय मिशिगन, एमएस मिसिसिपी, एमओ मिसूरी, एमएन मिनेसोटा. तसंच एएल अलाबामा, एके अलास्का, एआर आर्कान्सा. एलए म्हणजे लुइझियाना. लॉस एंजलिस नव्हे.

## २. तारखेवरून काँग्रेसचा क्रमांक काढा

जुन्या नोंदींत वर्षाऐवजी ‘११८वी काँग्रेस’ असं लिहिलेलं असतं; इथे काँग्रेस म्हणजे संसदेची दोन वर्षांची एक मुदत. हिशोब सोपा आहे. काँग्रेस ज्या विषम वर्षी सुरू झाली, त्यातून १७८७ वजा करा आणि दोनाने भागा. २०२३ वजा १७८७ म्हणजे २३६, त्याचे निम्मे ११८. सम वर्ष असेल तर आधी त्यातून एक वजा करायचा. हल्ली नवी काँग्रेस ३ जानेवारीला सुरू होते. १९३५पूर्वी मात्र मुदत ४ मार्चला सुरू व्हायची, त्यामुळे जुन्या काळातल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या घटना आधीच्या काँग्रेसमध्ये मोडतात.

क्रमांक मिळाला की त्या काँग्रेसची सदस्ययादी उघडा आणि ते आडनाव किती वेळा येतं ते मोजा. ११८व्या काँग्रेसमध्ये प्रतिनिधिगृहात चार जॉन्सन होते: जॉर्जियाचे हँक, लुइझियानाचे माइक, ओहायोचे बिल आणि साउथ डकोटाचे डस्टी. पाचवे विस्कॉन्सिनचे रॉन, ते सिनेटमध्ये. या पाचांतले हँक सोडून बाकी सगळे रिपब्लिकन. म्हणजे २५ ऑक्टोबर २०२३ रोजी माइक जॉन्सन सभापती झाले, त्या दिवशी ‘रिपब्लिकन जॉन्सन’ असं लिहिलं असतं, तर ते वर्णन चौघांना लागू पडलं असतं.

बिल जॉन्सन यांनी जानेवारी २०२४मध्ये राजीनामा दिला आणि ते यंगस्टाउन स्टेट युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष झाले. काँग्रेस तीच, पण यादी बदलली. म्हणून क्रमांकावर थांबू नका, तारीखही पाहा.

## ३. रोल कॉलची पद्धत समजून घ्या

प्रतिनिधिगृहाच्या मतनोंदीत साधारणपणे नुसतं आडनाव असतं. एकाच आडनावाचे दोघे असले की पुढे कंसात राज्य येतं: ‘जॉन्सन (एसडी)’, ‘जॉन्सन (जीए)’. दोघे एकाच राज्याचे असले तर राज्याचा उपयोग नाही, म्हणून पहिलं नाव येतं. जॉर्जियात ऑस्टिन स्कॉट रिपब्लिकन आणि डेव्हिड स्कॉट डेमोक्रॅट, म्हणून यादीत ‘स्कॉट, ऑस्टिन’ आणि ‘स्कॉट, डेव्हिड’. त्यांच्या जोडीला व्हर्जिनियाचे बॉबी स्कॉट ‘स्कॉट (व्हीए)’ म्हणून. कंसात राज्य नाही म्हणजे माहिती राहून गेली असं समजू नका.

सिनेटमध्ये २०१९पासून दोन स्कॉट आहेत, साउथ कॅरोलायनाचे टिम आणि फ्लोरिडाचे रिक. दोघेही दक्षिणेचे, दोघेही रिपब्लिकन. टिम स्कॉट २०११ ते २०१३ प्रतिनिधिगृहात होते, रिक स्कॉट त्याच सुमारास फ्लोरिडाचे गव्हर्नर. २०१२ची बातमी आणि २०२२ची बातमी यांत दोघांचीही पदं वेगळी येतील.

स्कॉट हे पहिलं नावही असतं, हे लक्षात ठेवा. पेनसिल्व्हेनियाचे स्कॉट पेरी आणि कॅलिफोर्नियाचे स्कॉट पीटर्स यांना आडनावाच्या शोधात पकडू नका.

## ४. नाव आणि आडनाव दोन्ही सारखी असतील तेव्हा

इथे घाई अजिबात चालत नाही. मिशिगनचे माइक रॉजर्स २००१ ते २०१५ प्रतिनिधिगृहात होते. अलाबामाचे माइक रॉजर्स २००३पासून आहेत. बारा वर्षं दोघे एकाच सभागृहात, एकाच पक्षात. रोल कॉलमध्ये एक ‘रॉजर्स (एमआय)’, दुसरे ‘रॉजर्स (एएल)’, आणि तिसरे केंटकीचे हॅल रॉजर्स, ‘रॉजर्स (केवाय)’. विषयावरून अंदाज बांधण्याचा मोह होतो, पण तोही फसवा. मिशिगनचे रॉजर्स गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते, तर अलाबामाचे रॉजर्स २०२३पासून सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष झाले. दोन्ही विषय संरक्षणाचेच. २०२४मध्ये सिनेटची निवडणूक लढवून एलिसा स्लॉटकिन यांच्याकडून हरले ते मिशिगनचे. अलाबामाचे रॉजर्स त्याच दिवशी आपल्या जागेवर पुन्हा निवडून आले.

टिम जॉन्सन यांची जोडीही अशीच. साउथ डकोटाचे टिम जॉन्सन डेमोक्रॅट, १९९७ ते २०१५ सिनेटमध्ये. इलिनॉयचे टिम जॉन्सन रिपब्लिकन, २००१ ते २०१३ प्रतिनिधिगृहात. डिसेंबर २००६मध्ये सिनेटर जॉन्सन यांना मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा येणाऱ्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक गटाकडे ५१ आणि रिपब्लिकनांकडे ४९ जागा होत्या. एका माणसाच्या प्रकृतीवर सभागृहाचा ताबा अवलंबून होता. अशा बातमीत इलिनॉयचा फोटो लागला, तर सगळ्या बातमीचा अर्थच बदलतो.

अशा जोड्यांसाठी क्रम असा ठेवा:

१. आधी सभागृह तपासा. टिम जॉन्सन इथेच सुटतात.
२. मग राज्य. रॉजर्स इथे सुटतात.
३. राज्यही एक असेल तर मधलं अक्षर आणि ‘ज्युनियर’, ‘थर्ड’ ही शेपटं पाहा. न्यू जर्सीत डोनाल्ड पेन यांचं मार्च २०१२मध्ये निधन झालं आणि त्याच मतदारसंघातून त्याच वर्षी डोनाल्ड पेन ज्युनियर निवडून आले. ‘ज्युनियर’ गाळलं की बाप आणि मुलगा एकच होऊन बसतात.
४. शेवटी बायोगाइड क्रमांक लिहून ठेवा. फोटो घेताना आधी हा क्रमांक जुळवा. गुगलच्या चित्रांवर विसंबू नका.

मतदारसंघाचा क्रमांक एकटा कधीच वापरू नका. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा बदलतात आणि क्रमांक दुसरीकडे जातात. माइक रॉजर्स मिशिगनच्या आठव्या मतदारसंघाचे होते, तेव्हा त्यात लॅन्सिंग होतं. जानेवारी २०२३पासून लॅन्सिंग सातव्यात गेलं आणि आठवा क्रमांक फ्लिंट-सॅगिनॉच्या बाजूला गेला. ‘मिशिगन-८’ एवढ्यावरून दोन काळांतले प्रतिनिधी जोडले तर ओळख चुकते. आणि हा मतदारसंघ आहे, ‘जिल्हा’ नव्हे; तिथे जिल्ह्यासारखा विभाग म्हणजे काउंटी, ती वेगळी. साउथ डकोटासारख्या राज्याला प्रतिनिधिगृहात एकच जागा आहे, तिथे क्रमांकच नसतो.

## ५. देवनागरीत नवे नामसाधर्म्य तयार होतं

ही अडचण खास आपली आहे. इंग्रजी बातमीदाराला जिथे शंकाच येत नाही, तिथे मराठीत दोन माणसं एकत्र होतात.

नेवाडाचे हॅरी रीड आणि ऱ्होड आयलंडचे जॅक रीड दोघेही डेमोक्रॅट, १९९७ ते २०१७ दोघेही सिनेटमध्ये. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, म्हणून तिथे राज्याची गरज पडत नाही. मराठीत दोघेही ‘रीड’. मॅसॅच्युसेट्सच्या कॅथरीन क्लार्क आणि न्यूयॉर्कच्या इव्हेट क्लार्क यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. दोघीही डेमोक्रॅट, दोघीही प्रतिनिधिगृहात. ११८व्या काँग्रेसमध्ये टेक्ससचे अल ग्रीन, टेनेसीचे मार्क ग्रीन आणि जॉर्जियाच्या मार्जरी टेलर ग्रीन असे तिघे एकाच वेळी होते. या सगळ्यांच्या बाबतीत मूळ मजकुरात राज्य नसलं, तरी मराठीत घाला.

उलट बाजूही सांभाळा. जॉन्सन आणि जॉन्स्टन ही वेगळी आडनावं आहेत. ५ मार्च २०२५ रोजी प्रतिनिधिगृहाच्या ओव्हरसाइट समितीपुढे चार महापौरांची साक्ष झाली. त्यांत शिकागोचे ब्रँडन जॉन्सन होते आणि डेन्व्हरचे माइक जॉन्स्टन. त्या वेळी सभापती होते माइक जॉन्सन. डेन्व्हरच्या महापौरांच्या नावातला ‘ट’ टंकताना सुटला, की ते सभापती होतात.

मराठी लेखन एकदा ठरवलं की तक्तावहीत लिहून तेच कायम वापरा. आज ‘जॉन्सन’, उद्या ‘जॉनसन’ असं झालं, तर वर्षभराने स्वतःच्याच संग्रहात शोध घेता येत नाही. आपल्याकडच्या एका नावाचीही इथे आठवण करून देतो: बेळगावच्या परिसरातून गेलेले, २०२३पासून मिशिगनचे प्रतिनिधी असलेले श्री ठाणेदार. यात ‘श्री’ हेच त्यांचं पहिलं नाव आहे. संपादन करताना आदरार्थी समजून ते गाळू नका.

## ६. क्रियापद लिहिण्याआधी बाई की पुरुष ते तपासा

इंग्रजीत ‘सेड’ लिहून सुटका होते. आपल्याला ‘म्हणाले’ किंवा ‘म्हणाल्या’ ठरवावंच लागतं. टेक्ससच्या एडी बर्निस जॉन्सन १९९३ ते २०२३ प्रतिनिधिगृहात होत्या. ‘एडी’वरून त्यांना पुरुष करू नका. इलिनॉयच्या रॉबिन केली बाई आहेत. पेनसिल्व्हेनियाचे माइक, मिसिसिपीचे ट्रेंट आणि अ‍ॅरिझोनाचे सिनेटर मार्क हे केली पुरुष. केली हे पहिलं नाव असलं की आणखी सावध राहा: नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर केली आर्मस्ट्राँग पुरुष आहेत, न्यू हॅम्पशरच्या गव्हर्नर केली एयॉट बाई. कॅलिफोर्नियाच्या यंग किम बाई आणि न्यू जर्सीचे अँडी किम पुरुष. सदस्याच्या अधिकृत पानावरचा परिचय उघडून सर्वनाम पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

## ७. नातं गृहीत धरू नका, नाकारूही नका

लुइझियानाचे सिनेटर जॉन केनेडी रिपब्लिकन आहेत, मॅसॅच्युसेट्सच्या केनेडी घराण्याशी त्यांचं नातं नाही. मिसूरीच्या कोरी बुश टेक्ससच्या बुश घराण्यातल्या नाहीत. अँड्र्यू जॉन्सन आणि लिंडन जॉन्सन दोघेही उपराष्ट्राध्यक्ष होते, दोघेही राष्ट्राध्यक्षाच्या हत्येनंतर त्या पदावर आले, एक १८६५मध्ये, दुसरे १९६३मध्ये. एकाचा जन्म १८०८चा, दुसऱ्याचा १९०८चा. तरी नातं नाही.

दुसरीकडे मार्क युडाल आणि टॉम युडाल हे २००९पासून काही वर्षं एकाच वेळी सिनेटमध्ये असलेले चुलतभाऊ. कार्ल लेव्हिन आणि सँडर लेव्हिन सख्खे भाऊ, एक सिनेटमध्ये, एक प्रतिनिधिगृहात. थिओडोर आणि फ्रँकलिन रूझवेल्ट फार दूरचे भाऊबंद. जवळचं नातं होतं ते एलिनॉर यांचं, त्या थिओडोर यांच्या पुतणी. बर्ड आडनावाचे हॅरी थोरले आणि हॅरी ज्युनियर हे व्हर्जिनियाचे बापलेक, तर वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड जन्माने बर्ड नव्हतेच. आई वारल्यावर नातेवाइकांनी त्यांना वाढवलं आणि आडनाव त्यांचं लागलं. अर्थसंकल्पी विधेयकांच्या चर्चेत येणारा ‘बर्ड नियम’ रॉबर्ट यांचा. नात्याचा पुरावा बायोगाइडमध्ये नसेल तर नात्याविषयी काही लिहूच नका.

## ८. कायद्याच्या नावातले जॉन्सन

कायद्यांना बहुधा आडनावच चिकटतं, म्हणून अनुवादात इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो.

१९२४चा जॉन्सन-रीड कायदा वॉशिंग्टन राज्याचे प्रतिनिधी अल्बर्ट जॉन्सन आणि पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर डेव्हिड रीड यांचा. त्याने देशनिहाय कोटे बसवले आणि आशियाई स्थलांतर जवळजवळ बंद केलं. हिंदुस्थानी लोकांसाठी दार १९१७च्या कायद्यानेच लागलं होतं. १९४६मध्ये वर्षाला शंभरांचा कोटा मिळाला. पुढे ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून हार्ट-सेलर कायद्यावर सही करून जुनी कोटापद्धत मोडली, ती राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी. त्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनियरांची वाट या सहीने मोकळी झाली. ‘जॉन्सन यांचा स्थलांतर कायदा’ असं लिहिलंत, तर एका जॉन्सनचं काम दुसऱ्याच्या माथी बसतं, आणि ही दोन कामं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. मराठी माणसाने तरी ही चूक करू नये असं मला मनापासून वाटतं.

नुसतं ‘जॉन्सन अ‍ॅक्ट’ दिसलं तर वर्ष पाहा. १९३४चा कायदा कॅलिफोर्नियाचे हायरम जॉन्सन यांचा, कर्ज थकवणाऱ्या परदेशी सरकारांविषयी. १९५१चा कोलोरॅडोचे एडविन जॉन्सन यांचा, जुगाराच्या यंत्रांच्या वाहतुकीविषयी. १९५४ची ‘जॉन्सन दुरुस्ती’, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थांना उमेदवारांच्या प्रचाराची बंदी, ही लिंडन जॉन्सन यांची, पण तेव्हा ते टेक्ससचे सिनेटर होते. ‘राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची १९५४ची दुरुस्ती’ हे चूक.

कायद्याचं नाव लिहिताना वर्ष नेहमी जोडा: ‘१९२४चा जॉन्सन-रीड कायदा’.

## ९. उमेदवार असतील तर

निवडून न आलेल्यांना बायोगाइड क्रमांक नसतो. त्यांच्यासाठी एफईसीचा उमेदवार क्रमांक पाहा. त्याचं पहिलं अक्षर पद सांगतं: ‘एच’ प्रतिनिधिगृह, ‘एस’ सिनेट, ‘पी’ राष्ट्राध्यक्षपद. एकच माणूस आधी प्रतिनिधिगृहासाठी आणि मग सिनेटसाठी उभा राहिला, तर त्याचे दोन क्रमांक असतात. दोन क्रमांक दिसले म्हणून दोन माणसं समजू नका. राज्याच्या पदांसाठीचे उमेदवार एफईसीकडे नसतात, ते त्या त्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या यादीत.

२०२०मध्ये फ्लोरिडा राज्य सिनेटच्या ३७व्या मतदारसंघात होझे हाव्हिएर रॉड्रिगेझ ३२ मतांनी हरले. त्यांच्याच आडनावाचा, प्रचार न करणारा एक अपक्ष मतपत्रिकेवर होता आणि त्याला सहा हजारांवर मतं पडली. प्रकरण पुढे कोर्टात गेलं. अशा निकालाची बातमी करताना तिन्ही उमेदवारांची पूर्ण नावं द्या.

## १०. मजकुरात कसं मांडायचं

पहिल्या उल्लेखात सगळं द्या: ‘साउथ डकोटाचे रिपब्लिकन प्रतिनिधी डस्टी जॉन्सन’. बातमीत त्या आडनावाचं एकच माणूस असेल तर पुढे ‘जॉन्सन’ चालेल. दोघे असतील तर शेवटपर्यंत पूर्ण नाव किंवा पद वापरा: ‘सभापती जॉन्सन’, ‘सिनेटर जॉन्सन’. ‘मोठे जॉन्सन’, ‘दुसरे जॉन्सन’ असलं काही नको. मथळ्यात जागा नसेल तर आडनाव गाळून पद ठेवा.

जुन्या मजकुरात त्या दिवशीचं पद लिहा. २०१२च्या लेखात रिक स्कॉट गव्हर्नरच राहतील. कंसात ‘आता सिनेटर’ जोडायचं असेल तर वर्षासह जोडा. छापायला देण्याआधी आडनावाने पूर्ण मजकुरात शोध घ्या आणि प्रत्येक ठिकाणी तोच माणूस अभिप्रेत आहे ना, ते एकेक करून तपासा. फोटोओळीत चुका जास्त राहतात, म्हणून ती शेवटी वेगळी वाचा.